घाट, गिअर आणि दात्यांचे गणित

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितले, "प्रत्येकाने आपापल्या कामाविषयी दहा-पंधरा मिनिटे बोलायचे आहे. आठवणी सगळेच सांगतील, तू कामाचे सांग." मला बरे वाटले. आठवणींच्या बाबतीत आपल्या तुकडीत माझ्यापेक्षा कितीतरी सरस लोक आहेत. माझ्या कामाविषयी मात्र मला विचारणारे फार कमी. नातेवाईक विचारतात, "तू ट्रक विकतोस का?" मी म्हणतो, नाही, मी ट्रक जुळवून देतो. रस्ता कोणता, माल कोणता, वजन किती, जाताना भरलेला की येताना, हे विचारायचे आणि त्यावरून इंजिन, गिअरबॉक्स, टायर आणि मागचा ॲक्सल यांची जोडी लावून द्यायची. गेली सत्तावीस वर्षे हेच चालले आहे.

यातली सर्वात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर. ट्रकवाले त्याला नुसते 'रेशो' म्हणतात. गाडी घेताना लोक हॉर्सपॉवर विचारतात, केबिनला एसी आहे का विचारतात, हप्ता किती बसेल ते तर विचारतातच. रेशो विचारणारा शंभरात एखादा. आणि गाडी दहा वर्षे त्या रेशोवरच चालणार असते.

या मेळाव्याची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा आपल्या ग्रुपवर दोघांनी मला जवळजवळ एकाच आठवड्यात हा प्रश्न विचारला. नावे घेत नाही, दोघेही समोर बसले आहेत. एक आपला मित्र, सांगलीहून भरलेले कंटेनर न्हावा-शेव्याच्या बंदरावर नेतो. दुसरी आपली मैत्रीण. चार वर्षांपूर्वी तिच्या घरावर आघात झाला, आणि तीन ट्रेलर, त्यांचे हप्ते, पाच माणसांचे पगार हे सगळे तिच्या अंगावर आले. ती रायगडातून पोलादी कॉइल वर आणते आणि साताऱ्या-कोल्हापूरच्या कारखान्यांना देते. आता तिला चौथी गाडी घ्यायची आहे. तिने लिहिले होते, "चुकीची गाडी परवडणार नाही मला. आहे त्या कर्जातच मान अडकली आहे." दोघांचा रस्ता एक, वजन एक. पण मी दोघांना वेगवेगळी उत्तरे दिली. तशी का दिली, तेच आज सांगतो. गणिताचे सर समोर आहेत, म्हणून आकडेमोड जपून करतो.

आधी हा रेशो म्हणजे काय ते पाहू. ट्रकच्या मागे वाकून पाहिले तर ॲक्सलच्या मधोमध एक फुगीर गोळा दिसतो. त्यात दोन दातेरी चाके असतात. इंजिनाकडून लांब दांडा येतो, त्याच्या टोकाला छोटे चाक, ते पिनियन. त्यात अडकलेले मोठे, मुकुटासारखे चाक, ते क्राऊन. क्राऊनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागा, तुमचा रेशो तयार. ३७ भागिले ९, म्हणजे ४.११. ४१ भागिले ९, म्हणजे ४.५६. ३७ भागिले ७, म्हणजे ५.२९. ४.११ याचा अर्थ दांडा ४.११ फेरे फिरला की चाक एक फेरा फिरते. दांड्याचा वेग तितक्या पटीने कमी होतो आणि फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, तितक्या पटीने वाढतो. विज्ञानाच्या बाईंनी साध्या यंत्रांच्या धड्यात हेच शिकवले होते: जोर वाढवून घ्यायचा असेल तर वेग द्यावा लागतो, फुकट काही मिळत नाही.

आपण सगळे सायकलवरून शाळेत आलो आहोत. ज्याच्या सायकलचे मागचे चक्र मोठे, तो चढ सहज चढायचा, पण सपाटीला त्याचे पाय नुसते भिरभिरायचे. ज्याचे मागचे चक्र लहान, तो सपाटीला सगळ्यांच्या पुढे आणि चढाला सायकल हातात धरून. ५.२९ ही पहिली सायकल, ४.११ ही दुसरी.

इथे एक गंमत सांगतो, ती खास सरांसाठी. दाते ३७, ४१ असेच का असतात? सोपे ३६ आणि ९ का नाहीत? ३६ ला ९ ने पूर्ण भाग जातो. मग पिनियनचा एक दाता जन्मभर क्राऊनच्या ठरावीक चारच दात्यांना भेटत राहतो. एखाद्या दात्यावर खरवड आली की त्याच चौघांची झीज. ३७ आणि ९ चा लसावि ३३३. म्हणजे पिनियन पूर्ण ३७ वेळा फिरल्याशिवाय जुनी जोडी पुन्हा भेटत नाही, आणि तोवर प्रत्येक दाता समोरच्या प्रत्येक दात्याला भेटून येतो. झीज सगळ्यांत वाटली जाते. सर, लसावि पुढे कुठे उपयोगी पडणार असे आम्ही वर्गात विचारायचो. प्रत्येक ट्रकच्या पोटात तो फिरतो आहे.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येऊ. तिच्याकडे एक जुने ड्रायव्हर आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. वीस वर्षे याच रस्त्यावर. मामांचे म्हणणे ठाम: "ताई, घाटाची गाडी आहे, रेशो मोठाच घ्या. बारका घेतला तर बोरघाटात गाडी रडेल." शोरूममधला पोरगा सांगत होता, "मॅडम, ४.११ घ्या, ॲव्हरेज चांगले मिळते." तिने मला विचारले, यांच्यात खरे कोण?

मी तिला म्हटले, कोणाचे ऐकायचे ते नंतर ठरवू, आधी कागद घे.

५५ टन एकूण वजन धरले. २०१८ साली केंद्र सरकारने ॲक्सलवरचे वजन वाढवून दिले, तेव्हा मोठ्या ट्रेलरची कमाल मर्यादा ४९ टनांवरून ५५ झाली, हे ट्रकवाल्यांना माहीत आहे. इंजिन ३०० हॉर्सपॉवर. चढ समजा १०० मीटरला ६ मीटर. ५५ टनांचे ६ टक्के म्हणजे ३.३ टन इतका भार गाडीला मागे खेचतो. टायर रस्त्यावर घासत-दबत चालतात त्याचे आणखी सुमारे ०.४ टन. एकूण ३.७ टन, म्हणजे ३,७०० किलो ओढायचे. इंजिनाच्या ३०० पैकी वाटेत गळती होऊन चाकाला २५५ पोचतात असे धरा. एक हॉर्सपॉवर म्हणजे सेकंदाला ७५ किलो एक मीटर उचलण्याची ताकद. २५५ गुणिले ७५, भागिले ३,७००. उत्तर सेकंदाला साधारण ५.२ मीटर, म्हणजे ताशी १८-१९ किलोमीटर.

या हिशेबात रेशो कुठे आला? कुठेच नाही. घाटात गाडी किती वेगाने चढेल हे इंजिनाची ताकद आणि गाडीचे वजन ठरवते. रेशोला त्यात बोलायला जागा नाही. तो एवढेच ठरवतो की त्या वेगाला तुम्ही कोणत्या गिअरमध्ये असाल. गिअरबॉक्स नऊ गिअरचा आहे. त्यातल्या एका गिअरचे गुणोत्तर ४.६४ आणि त्याच्या वरच्याचे ३.४८ असे धरा. टायरच्या एका फेऱ्यात गाडी ३.२ मीटर पुढे जाते. ताशी १९ किलोमीटरला चाक मिनिटाला ९९ फेरे फिरते. ४.११ च्या गाडीत मामा ४.६४ चा गिअर लावतील, इंजिन सुमारे १,८९० फेऱ्यांवर चालेल. ५.२९ च्या गाडीत ते एक गिअर वर, ३.४८ वर असतील, इंजिन सुमारे १,८२० फेऱ्यांवर. दोन्ही गाड्या एकमेकींच्या शेजारून चढतील. मधल्या ४.५६ ला हाच वेग थोड्या जास्त, २,१०० च्या जवळपासच्या फेऱ्यांवर मिळतो, आणि तोही चालण्यासारखा आहे.

मग मामा खोटे बोलतात का? अजिबात नाही. मामा ज्या गाड्यांवर शिकले त्यांना पाचच गिअर होते. पहिल्याचे गुणोत्तर समजा ७ आणि ॲक्सल ६.८३ चा, तर दोन्हींचा गुणाकार ४८. आजच्या गाडीत सर्वात खालचा रांगता गिअर १२.७ च्या आसपास असतो. त्याला ४.११ ने गुणले तरी ५२ येतात. म्हणजे आजचा 'बारका' ॲक्सल सर्वात खालच्या गिअरमध्ये मामांच्या जुन्या गाडीच्या पहिल्या गिअरपेक्षा जास्त जोर देतो. शिवाय पाच गिअरांमध्ये पायऱ्या उंच-उंच होत्या. एक गिअर टाकला की इंजिन ओरडायचे, वरचा टाकला की गाडी दम सोडायची. मोठा रेशो असला तर त्या पायऱ्यांवर थोडा आधार मिळायचा. मामांचा अनुभव खरा होता, पण तो त्या गाडीचा होता. मी मैत्रिणीला सांगितले की ही आकडेमोड मामांना समोर बसवून त्यांच्या देखत कर. वीस वर्षे गाडी सांभाळलेल्या माणसाला डावलून गाडी घेतली तर ती गाडी त्याची कधीच होत नाही.

तिने तसे केले. मामांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: "चढावर थांबली तर?" प्रश्न अगदी नेमका होता. बोरघाटात कोंडी झाली की भरलेला ट्रेलर चढावर थांबतो, दहा फूट सरकतो, पुन्हा थांबतो. इंजिन मिनिटाला १,००० फेऱ्यांवर आणि रांगता गिअर असला, तर ४.११ ची गाडी ताशी ३.७ किलोमीटर जाते आणि ५.२९ ची २.९ किलोमीटर. पुढची गाडी त्याहून हळू सरकत असेल तर ड्रायव्हरला अर्धा क्लच धरावा लागतो. क्लच जळतो तो असाच. शिवाय गाडी जागेवरून उचलताना इंजिन पूर्ण जोरात नसते, त्यामुळे छोट्या रेशोला हाताशी राहणारी शिल्लक कमी पडते. ६ टक्क्यांच्या चढावर दोन्ही गाड्या उचलतील, पण एक निवांत उचलेल आणि दुसरी जेमतेम. मामांच्या या प्रश्नाने माझे पारडे ४.११ वरून थोडे सरकले, हे मोकळेपणाने सांगतो.

आता घाट सोडून सपाटीवर या. तिचा एकेरी रस्ता साडेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेर. त्यात घाटाची खरी चढण पंचवीस-तीस किलोमीटर. बाकी सगळा वेळ गाडी सर्वात वरच्या गिअरमध्ये. त्या गिअरचे गुणोत्तर १, म्हणजे तिथे फक्त ॲक्सलचे राज्य. एक किलोमीटरला चाक सुमारे ३१२ फेरे फिरते. त्यासाठी इंजिनाला ४.११ मध्ये १,२८४ फेरे, ४.५६ मध्ये १,४२५ आणि ५.२९ मध्ये १,६५३ फेरे मारावे लागतात. वर्षाला ८०,००० किलोमीटर धरले तर ४.११ आणि ५.२९ मध्ये फरक पडतो जवळजवळ ३ कोटी फेऱ्यांचा. तितके घर्षण, तितकी झीज आणि त्याचे डिझेल. शोरूममधल्या पोराचे म्हणणे इथून आले होते, आणि तेवढ्यापुरते ते बरोबर होते.

पण तिच्या गाड्या भरलेल्या असताना सपाटीला ताशी ५५ च्या आसपासच चालतात. ५५ ला ४.११ चे इंजिन १,१८० फेऱ्यांच्या खालीच असते. असे इंजिन साधारण १,१०० पासून पुरा जोर देते. म्हणजे ते अगदी उंबरठ्यावर उभे. साधा उड्डाणपूल आला, एखादी लांब चढती सपाटी आली, की गिअर खाली घ्यावा लागणार. मी हिशेब केला: वरच्या गिअरमध्ये राहून ४.११ ची गाडी १०० मीटरला अर्ध्या मीटरच्या आसपासचा चढ पेलते, ४.५६ ची पाऊण मीटरच्या जवळपास, ५.२९ ची १ मीटर. पुणे-कोल्हापूर रस्ता आपल्याला सपाट वाटतो तो कारमध्ये बसून. ५५ टनांना तो सपाट नाही. दिवसभरात शेकडो वेळा गिअर खाली-वर करायचे असतील तर वाचवलेले डिझेल त्यातच जाते, आणि मामांचा गुडघा जातो तो वेगळाच.

म्हणून तिला मी सांगितले, ४१ भागिले ९, म्हणजे ४.५६ घे. भरलेली गाडी ५५-६० ला १,३०० ते १,४२५ फेऱ्यांवर, इंजिनाच्या भर जोरात चालेल. येताना रिकामी ७५ ला १,७८० वर, तेही सोसवते. मालगाडीला वेगमर्यादा ८० ची आहे आणि वेगनियंत्रक लावलेलाच असतो, त्यामुळे त्यापुढचा विचार करायला नको. घाटात थांबली तर उचलायला शिल्लक राहते. परवा तिने ऑर्डर दिली. तिच्या परवानगीने सांगतो, फॉर्मवर रेशोच्या रकान्यात आकडा मामांनी स्वतःच्या हाताने लिहिला.

आता आपला कंटेनरवाला मित्र. त्यालाही मी ४.५६ च सांगेन असे त्याला वाटले होते. रस्ता तोच, बोरघाट तोच, खंबाटकी तीच. पण तो भरलेला जातो उलट्या दिशेने. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच, आणि बंदर समुद्रकाठी. म्हणजे त्याचा माल एकूणात खाली जातो. साताऱ्याकडून येताना खंबाटकीचा बोगदा आणि पुढचे ते इंग्रजी एस अक्षरासारखे वळण, मग कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार, मग बोरघाट. हे तिन्ही उतार तो भरलेल्या गाडीने उतरतो. परत चढतो तेव्हा बहुतेक वेळा कंटेनर रिकामा असतो. रिकामी गाडी घाट चढायला कोणताही रेशो पुरतो. म्हणून त्याला मी ४.११ सांगितले, आणि डिझेलमध्ये जे वाचेल ते सगळे उतारावर खर्च कर म्हटले. चांगला इंजिन ब्रेक घे. जमले तर रिटार्डर असलेली गाडी घे. तुझा प्रश्न चढण्याचा नाहीच, उतरण्याचा आहे.

यावर तो जे बोलला, त्यामुळे आज मला हा विषय इथे, सगळ्यांसमोर काढावासा वाटला. तो म्हणाला, "उताराला काय, पोरं न्यूट्रल करून सोडतात. तेवढंच डिझेल वाचतं."

मित्रांनो, ५५ टनांची गाडी ३०० मीटर उंचीवरून खाली आली की तिच्यातून किती ऊर्जा बाहेर पडते? १६ कोटी २० लाख ज्यूल. बाईंच्या भाषेत सांगायचे तर घरातले साधे पाणी घेतले तर सुमारे ५०० लिटर उकळेल एवढी. ही ऊर्जा कुठेतरी गेलीच पाहिजे. गाडी गिअरमध्ये असेल तर तिचा मोठा वाटा इंजिन गिळते. चाके इंजिनाला फिरवतात आणि इंजिन विरोध करते. न्यूट्रलमध्ये टाकली की इंजिन सुटले. मग ते ५०० लिटर पाण्याचे उकळणे सगळे ब्रेकच्या ड्रमांत. ड्रम तापून फुगतात, लायनरची पकड जाते, आणि पायाखाली ब्रेक असूनही गाडी थांबत नाही. लोक म्हणतात ब्रेक फेल झाला. बहुतेक वेळा ब्रेक फेल झालेला नसतो, त्याच्याकडून दहा माणसांचे काम एकट्याने करून घेतलेले असते.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये नवले पुलाच्या उतारावर एका अवजड वाहनामुळे अनेक गाड्यांचा चुराडा झाला, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. आपल्यापैकी निम्म्या लोकांची मुले पुण्यात शिकतात किंवा नोकरी करतात. शनिवार-रविवारी ती याच उतारावरून घरी येतात-जातात.

आणि यातली खरी चीड आणणारी गोष्ट अशी की डिझेल वाचतच नाही. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की संगणक डिझेल पूर्ण बंद करतो. चाकेच इंजिन फिरवत असतात, डिझेलची गरजच नसते. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला थोडे थोडे डिझेल द्यावेच लागते. म्हणजे घाट उतरताना न्यूट्रल करणारा जास्त डिझेल जाळतो आणि वर ब्रेकही जाळतो. जुन्या गाड्यांत हा प्रकार वेगळा होता, म्हणून जुनी समजूत अजून ड्रायव्हरांच्या तोंडी आहे. आणि ती टिकून राहायला आपणही हातभार लावतो. कसा? ड्रायव्हरला फेरीला ठरावीक डिझेल द्यायचे आणि उरेल ते त्याचे, अशी पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मालक घरी बसून ॲव्हरेज मोजतो. मग वीस-बावीस वर्षांचा पोरगा लिटरभर डिझेलसाठी घाटात न्यूट्रल मारणार नाही तर काय करणार? त्याला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही.

मित्राशी यावर आमची बरीच वादावादी झाली. शेवटी त्याने बक्षिसाची पद्धत बदलायचे कबूल केले आहे. आता तो ॲव्हरेजबरोबर ब्रेक लायनर किती महिने टिकले तेही मोजणार. ज्याचे लायनर जास्त टिकतील त्याला जास्त बक्षीस. गिअरमध्ये उतरणाऱ्याचेच लायनर टिकतात, त्यामुळे लपवाछपवीला जागा राहत नाही. आपल्या तुकडीत गाड्या असलेले निदान सात-आठ जण आहेत. मी तुम्हा सगळ्यांना हात जोडून सांगतो, हे करा. आणि ड्रायव्हरला जुना, सोपा नियम पुन्हा शिकवा: ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी घाट चढेल, त्याच गिअरमध्ये ती घाट उतरेल. घाटाच्या माथ्यावरच गिअर लावायचा. उतार सुरू झाल्यावर खालचा गिअर पडत नाही.

ज्यांना गाडी घ्यायची आहे त्यांच्यासाठी आणखी दोन-तीन गोष्टी थोडक्यात. एक, नुसता ॲक्सलचा रेशो पाहू नका, वरच्या गिअरशी त्याचा गुणाकार पाहा. काही गिअरबॉक्सचा शेवटचा गिअर १ पेक्षा कमी असतो. समजा ०.७८ असेल, तर ५.२९ चा ॲक्सलसुद्धा सपाटीला ४.१३ सारखा वागतो. दोन, टायर बदलला की रेशो बदलल्यासारखेच होते. फेऱ्याला ३.२ ऐवजी ३.३ मीटर जाणारा टायर लावला तर ४.५६ ची गाडी ४.४२ सारखी चालेल. तीन, मागे दोन चालते ॲक्सल असतील तर दोन्हींत तोच रेशो हवा. एकाचा क्राऊन-पिनियन बदलताना दुसऱ्याशी जुळवला नाही तर दोघे एकमेकांशी भांडत राहतात आणि आतून तुटतात. आणि नंतर बदलू असे म्हणून गाडी घेऊ नका. क्राऊन-पिनियनच्या खर्चाबरोबर वेगाचा काटा, वेगनियंत्रक सगळेच पुन्हा जुळवून घ्यावे लागते.

गुरुजनांनो, तुम्ही शिकवलेले गुणोत्तर-प्रमाण, लसावि, कार्य आणि शक्ती, याच्या पलीकडचे मी आज काही वापरले नाही. या मेळाव्याच्या निमित्ताने शाळेला काय भेट द्यावी याची चर्चा चालू आहे. माझ्याकडे ३७ आणि ९ दात्यांची एक झिजलेली, कामातून गेलेली क्राऊन-पिनियनची जोडी आहे. ती लाकडी चौकटीवर बसवून, हाताने फिरवता येईल अशी करून मी प्रयोगशाळेला देत आहे. मुलांना दाते मोजू द्या, खडूने खूण करू द्या, तीच जोडी पुन्हा कधी भेटते ते पाहू द्या. आणि जड आहे, तेव्हा उचलताना एकाने नको, दोघांनी धरा.

आमच्या मैत्रिणीची नवी गाडी पुढच्या महिन्यात येते आहे. पहिल्या फेरीला ती स्वतः मामांच्या शेजारी बसून जाणार आहे. तिला आपल्या सगळ्यांच्या शुभेच्छा.